उलटी बैठक

उलटी बैठक रविवारी दुपारी घरच्या शिवणकामाच्या दुकानात भरणार, असं आत्याने फोनवर जाहीर केलं तेव्हा तिची भाची टाचणी बँकेत एका बिस्किट कारखान्याचा ताळेबंद उघडून बसली होती. कारखान्याचा नफा दिसायला गुटगुटीत होता, पण मालकाच्या हाती काही लागत नव्हतं. हे गूढ नुकतंच उकलायला लागलं होतं आणि तेवढ्यात फोन. "सगळ्यांनी यायचं. सबबी ऐकून घेणार नाही," एवढं सांगून आत्याने फोन ठेवलासुद्धा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण घंटा अजून तिच्याच हातात होती.

प्रश्न तसा साधा होता. टाचणीला दोन बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत एकीला हो आणि दुसरीला नाही कळवायचं होतं. एक याच शहरातली. बसने अर्ध्या तासावर, आणि नाव असं की रस्त्यावरच्या कुणालाही सांगितलं तरी तो 'अरे वा' म्हणेल. दुसरी विमानाने जावं लागेल अशी, थंडीच्या गावातली, लहानशी. तिचं नाव सांगितलं की लोक आधी 'कुठली?' म्हणत आणि मग विषय बदलत. घरात दोघींची नावं पडली होती, जवळची आणि लांबची. आई तर दोन्हींना सरळ 'शाळा'च म्हणायची. "सव्वीस वर्षांची घोडी झाली आणि परत दप्तर घेऊन शाळेत निघाली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे.

फीचा वाद नव्हता. दोन्हीकडे ती सारखीच होती आणि ती टाचणी स्वतःच्या साठवणीतून भरणार होती, त्यामुळे तो विषय पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता. वाद होता तो बाकी सगळ्याचा.

टाचणीला लांबची हवी होती. त्यात तिच्या मनात काडीची शंका नव्हती. बँकेत ती कर्ज द्यायचं की नाही ते बघायची. म्हणजे समोरचा माणूस बुडेल का, एवढंच. तिला त्याच्या पुढे जायचं होतं. एखाद्या कंपनीची खरी किंमत काय, ती कशाने वाढेल, तिच्यात लोकांचा पैसा घालावा की घालू नये, हे ठरवणाऱ्या माणसांत जाऊन बसायचं होतं. लांबच्या शाळेत त्याखेरीज फारसं काही शिकवतच नव्हते. तिथे विद्यार्थ्यांच्या हाती एक लहानसा का होईना, पण खराखुरा फंड सोपवत आणि वर्षाअखेरीस त्याचा जाब विचारत. टाचणीने दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले होते. जवळचीचे लोक साबण विकत होते, हॉटेलं चालवत होते आणि मजेत होते, फायनान्समध्ये गेलेला एक महत्प्रयासाने सापडला, तो म्हणाला, "मी आपलं आपणच शिकलो." लांबचीतल्या एका बाईला जेवणाच्या सुट्टीत गाठलं, तर ती सरकारी रोख्यांवर बोलायला लागली ती जेवण निवून गेलं तरी थांबली नाही. टाचणी त्याच वेळी त्या शाळेच्या प्रेमात पडली.

हे सगळं करून ती न विचारता जाऊ शकली असती. पण बाबांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय तिला जायचं नव्हतं, आणि बाबांना जवळची हवी होती. तसं ते कधी बोलले नव्हते. फक्त जवळच्या शाळेसमोर थांबणाऱ्या बसचा नंबर त्यांनी तिला न विचारता सांगितला होता, आणि मग अधूनमधून पुन्हा सांगत होते.

रविवारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून सगळे मागच्या खोलीत जमले. ही कापायची खोली. मधोमध ते लांबरुंद टेबल, त्याच्या कडा पिढ्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या. कोपऱ्यात तीन पानांचा आरसा, ज्याच्यासमोर उभं राहिलेला प्रत्येक माणूस आधी पोट आत ओढतो. आरशाशेजारी पुतळा, त्याच्या अंगावर कच्च्या पांढऱ्या टाक्यांचा अर्धवट कोट. आत्याने टेबलाच्या टोकाची खुर्ची घेतली आणि बाबांच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू उचलून हातात धरला. हातात खडू असल्याशिवाय तिला बोलता येत नसे.

दादा टेबलावर चढून बसला होता. बाबांनंतर दुकान त्याचंच, आणि ऑर्डरी आता त्याच्या मोबाइलवर येत असल्यामुळे तो थोडा भाव खाऊन होता. शेजारी वहिनी. तिची ही पहिलीच उलटी बैठक. घरात नवी असताना दादाने तिला या प्रकाराबद्दल सांगितलं, तेव्हा औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या त्या बाईने "कोणाला होतेय?" असं विचारून गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली होती. ती गोष्ट अजून घरात शिळी झालेली नव्हती.

"नीट ऐक," आत्या तिला म्हणाली. "ज्याला जे हवं, त्याच्या विरुद्ध बोलायचं. मला जवळची हवी असेल तर मी लांबचीची बाजू मांडायची. तीही जीव तोडून. लंगडं बोललेलं चालत नाही, परत बोलावं लागतं. सगळ्यांचं झालं की सुलट फेरी. तेव्हा खरं काय हवं ते एका शब्दात सांगायचं. जिकडे जास्त मतं, तिकडे निकाल."

"आणि टाचणी?"

"तीही उलट बोलणार. पण सुलट फेरीत तिला मत नाही."

"अहो, पण जायचंय तर तिलाच ना?"

"म्हणूनच. ज्याचा कोट असतो तो आरशासमोर 'छान बसला' म्हणतो आणि घरी गेल्यावर काखेत ओढतोय म्हणून फोन करतो."

वहिनीला हे सगळं कुठून निघालं ते कळेना. मग आईने सांगितलं. आई दुकानातली काजं-बटणं आणि हाताची शिवण बघायची, आणि बोलतानाही तिची सुई थांबत नसे. आताही मांडीवर एक बाही होती. "तुझे आजेसासरे कोट पुरा झाला की आधी उलटा करायचे. शिवण कुठे ताणलीय, अस्तर कुठे चुणलंय, आत माया किती सोडलीय, हे सगळं आतूनच कळतं म्हणायचे. पुढे कोट सैल करायची वेळ आली तर ते जादा कापड आत हवं ना. मग हळूहळू घरातली प्रत्येक गोष्टच उलटी करून बघायला लागले. यांनी हे घर घेतलं तेव्हासुद्धा बैठक, आणि दुकानाला कुठला रंग द्यायचा तेव्हासुद्धा."

"आणि आपला मास्तर स्वतःचा खटला स्वतःच हरला, तेव्हासुद्धा," आत्या बाबांकडे बघत म्हणाली.

ही गोष्ट प्रत्येक बैठकीला व्हायचीच. बाबा तरुण असताना लांबच्या एका शहरातल्या मोठ्या शिलाईघराने त्यांना बोलावलं होतं. तिथे नाटकांचे कपडे शिवत. राजे, शिपाई, भुतं, सगळ्यांचे. बाबांना जायचं होतं, म्हणून बैठकीत नियमाप्रमाणे ते न जाण्याच्या बाजूने बोलले. आणि असे बोलले, की मनातून पोराला पाठवायचं ठरवून बसलेल्या आजोबांचे डोळे भरून आले. "आमचे बाबा म्हणाले, एवढं पोटतिडकीने सांगतोय तर राहू दे त्याला इथेच," आत्या हसत म्हणाली. "झालं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर याने."

वहिनी हसली, दादा हसला, टाचणीही हसली. बाबाही नेहमीप्रमाणे हसले आणि टेबलावरच्या पट्ट्या सारख्या करायला लागले.

टाचणीने बैठकीआधी आपली मोर्चेबांधणी केली होती. आई तिच्या बाजूने होती. स्वयंपाकघरात कानात तसं सांगून गेली होती. वहिनीही. आत्या अर्थातच जवळचीकडे, कारण मोठ्या नावाची भाची ही मैत्रिणींत मिरवायला बरी. बाबा जवळचीकडे. राहिला दादा. दुकानाचे हिशेब टाचणी बघायची, त्यामुळे ती गेली की ते आपल्या गळ्यात पडणार या धास्तीने तो जवळचीला चिकटला होता. "हिशेब मी तिथूनही बघीन, कॉम्प्युटरवर. शब्द देते," असं तिने त्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं. तो नुसता "बघू" म्हणाला होता.

"थोरल्यापासून सुरुवात," आत्याने खडू आपटला.

दादा उठला. "लांबची शाळा चांगली आहे. थंडी आहे. माणूस थंडीत अभ्यास करतो. झालं."

"बस खाली. नाही, उभा राहा. लंगडं आहे. पुन्हा."

दादाने मान खाजवली. त्याला जवळची हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लंगडं बोलून लांबचीला पाडायची त्याची युक्तीही सगळ्यांना ठाऊक होती. आता खरंच काहीतरी बोलणं भाग होतं. तो पुतळ्याकडे बघत विचार करत राहिला. "बरं. हे बघा. मी कोट शिवायला कुठे शिकलो? इथे. मी शर्टसुद्धा शिवायला शिकलो असतो, पण बाबांनी शिवू दिला नाही. दोन वर्षं नुसती कोटाची कॉलर. मी रडकुंडीला आलो होतो. आता आपल्या गल्लीत दहा शिंपी आहेत, आणि कॉलर बिघडली की दहाही जण माझ्याकडे येतात." तो जरा थांबला. "हिला जर एकच गोष्ट धड शिकायची असेल, तर एकच गोष्ट शिकवणाऱ्याकडे जायला हवं. मला वाटतं, म्हणजे, उलट वाटतं."

बोलून झाल्यावर त्याने टाचणीकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. टाचणीचा जीव भांड्यात पडला. आई, वहिनी आणि आता दादा. तीन झाले. लढाई तिच्या खिशात होती.

वहिनीची पाळी आली आणि तिने लांबचीची अशी तोंड भरून स्तुती केली की आत्या गोंधळली. "म्हणजे तुला जवळची हवी?"

"नाही हो, मला लांबचीच हवी."

"मग जवळचीच्या बाजूने बोल."

"खोटं बोलू?"

"खोटं नव्हे, उलटं."

वहिनीने बराच वेळ छताकडे बघितलं. "जवळची शाळा चांगली," ती शेवटी म्हणाली, "कारण ती जवळ आहे." आणि बसली. पहिलीच खेप म्हणून आत्याने तिला सोडून दिलं.

आई सुई न थांबवता जवळचीबद्दल चार गोड वाक्यं बोलली, त्यांत घरच्या जेवणाचं एक आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत असं एक होतं. आत्या लांबचीच्या बाजूने बोलली ती मात्र आत्याच्या इतमामाने. तिने दोन्ही शाळांतले शिकवणारे कोण ते शोधून काढलं होतं. जवळचीतले अर्धे पाहुणे, येतात, भाषण ठोकतात, गाडीत बसून जातात. लांबचीतले वर्षानुवर्षं तिथेच राहून तेच ते शिकवतात आणि मुलांच्या वह्या स्वतः तपासतात. "आणि जो वह्या तपासत नाही त्याला मी शिक्षक म्हणत नाही," असं म्हणून तिने स्वतःवरच थोडं रागावून खडू खाली ठेवला.

मग टाचणी उठली. खिशातली लढाई ही फार वाईट गोष्ट असते. माणसाला खेळायची हुक्की येते. आपण जिंकलोच आहोत, मग उलट बाजू अशी मांडू की आत्यानेही तोंडात बोट घालावं, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि या घरातल्या रक्तात वादाची खोड होतीच.

"मी जवळचीची बाजू मांडते," ती म्हणाली. "मला आज फायनान्स आवडतं. दोन वर्षांनी आवडेलच कशावरून? जवळच्या शाळेत मध्येच वाट बदलता येते. लांबच्या शाळेत वाट एकच. आणि बाजार पडला की गुंतवणुकीच्या कंपन्या सगळ्यात आधी नवी भरती बंद करतात. नेमकी त्या वर्षी मी पास झाले तर? जवळचीतली मुलं साबण विकायला जातील. मी कुठे जाऊ?"

आत्याची मान हलायला लागली.

"मोठ्या नावाला आपण हसतो. पण आपण कोण, कसे, हे समोरच्याला कळायच्या आधी दार उघडावं लागतं ना? ते नावच उघडतं. मी आत गेल्यावर कितीही हुशार असेन, दाराबाहेर मी कुणीच नाही."

"छान," आत्या पुटपुटली.

इथे थांबली असती तर चाललं असतं. पण तिला थांबता येईना. "आणि संध्याकाळी मी घरी असेन," ती म्हणाली. "आईला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. ती म्हणते येतो. नाही येत. सकाळी मी बँकेत जायच्या आधी ती माझ्याकडून पुष्कळ सुया ओवून घेते, वेगवेगळ्या रंगांच्या, आणि उशीत टोचून ठेवते. त्या दिवसभर पुरवते. दादाला सांगायचं नाही, बाबांना सांगायचं नाही. वहिनीला तर नाहीच नाही. मी गेले तर त्या सुया कोण ओवून देणार?"

आईच्या मांडीजवळ सुयांची गोल उशी होती आणि तिच्यात ओवलेल्या सुया ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्याची शेपटी. आईने त्यावर सहज टाकल्यासारखी बाही टाकली.

"आई, खरं?" दादाने विचारलं.

"काहीतरीच. बोलायचं म्हणून बोलते ती. उलटी बैठक आहे ना."

टाचणी खाली बसली. आपण नको ते बोललो, हे तिला कळलं होतं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला आणि शाळेतल्या आवाजात "शाब्बास" म्हणाली.

बाबा शेवटचे. पट्ट्या ठेवून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते आणि टाचणी बोलत असताना त्यांनी एकदाही तिच्यावरची नजर हलवली नव्हती. आता ते पुतळ्याजवळ आले. बाबांचं बोलणं मोजकं. गिऱ्हाइकाला 'हात वर', 'हात खाली' आणि 'मंगळवारी या' एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

"ती म्हणते तिथे खरा पैसा हातात देतात," ते म्हणाले. "लोकांचा. चुकलं तर जाब द्यावा लागतो. मला ते बरं वाटतं. आम्ही नव्या पोराला आधी वर्तमानपत्र कापायला देतो. वर्तमानपत्र सगळेच झकास कापतात. पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं कापड समोर पसरलं की कात्री उचलत नाही. तो दिवस यायलाच लागतो. तिला तो तिथे लवकर येईल, आणि चुकली तर सांगणारी माणसं बाजूला असताना येईल." त्यांनी कोटाच्या बाहीवरचा एक कच्चा टाका उगाच नीट केला. "बाजार पडला तर काय, असं ती म्हणाली. पडेल. पण ज्याला पडलेल्या बाजारात काय करायचं ते येतं, त्यालाच लोक तेव्हा शोधत येणार ना? झालं."

टाचणी बघत राहिली. खरा फंड, जाब, हे सगळं तिने एकदाच जेवताना सांगितलं होतं आणि तेव्हा बाबा खाली मान घालून ताटाकडेच बघत होते. ऐकतायत असं तिला वाटलंच नव्हतं. मग तिने स्वतःला बजावलं की हे उलट आहे. नियमाप्रमाणे आहे.

"सुलट फेरी," आत्या म्हणाली आणि टेबलावर खडूने एक रेघ ओढली. "माझं, जवळची. तू बोल, सूनबाई."

"लांबची," वहिनी म्हणाली. "आता तरी बरोबर आहे ना?"

"दादा?"

"लांबची."

"तू?" आत्या जवळजवळ उठलीच. "तुला तर जवळची हवी होती."

"होती. बोलता बोलता मलाच पटलं. कॉलरचं." त्याने हिशेबाचा सौदा तेवढा सोयीस्करपणे वगळला.

टाचणीने आईकडे बघितलं. आईने एकदा 'लांबची' म्हटलं की काम झालं. आई बाहीकडे बघत होती.

"जवळची," आई म्हणाली.

"आई?"

"काय करू? पटलं मला." आईचा आवाज जरा चिरकला. "मी तुझ्याच बाजूने होते. पण तू ते सुयांचं बोललीस आणि माझा जीव गलबलला. इतकं चांगलं बोलायला तुला सांगितलं कुणी होतं?"

रेघेच्या अल्याड दोन, पल्याड दोन. दादाने कपाळाला हात लावला. टाचणीला आरशात तिन्ही पानांत स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तिन्ही ठिकाणी तो सारखाच मूर्ख दिसत होता. आता बाबा. आणि बाबांचं मत काय ते बसच्या नंबरासकट तिला पाठ होतं. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी ज्या गोष्टीला ती हसली होती, नेमकी तीच तिने पुन्हा करून ठेवली होती.

"मास्तर," आत्या म्हणाली, "उरलास तू."

"लांबची," बाबा म्हणाले.

"अरे, उलट बोलून झालं. आता सुलट बोलायचं."

"सुलटच बोलतोय."

"तुला जवळची हवी आहे. सगळ्या घराला माहीत आहे."

"हवी आहे ना. ती रोज संध्याकाळी त्या दारातून आत यावी, असं मला वाटतं. ती लांब जावी, असंही वाटतं. तू एकच शब्द मागतेस. मग लांबची."

आत्याने खडू उचलला, पण लिहिलं काही नाही. बाबा तिच्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. नेहमी हसायचे तसे थोडे हसतच होते. "ताई, तू ती माझी गोष्ट सांगतेस. मी पण हसतो. चांगली आहे गोष्ट. पण त्या दिवशी मी काय बोललो ते मला अजून तोंडपाठ आहे. इथेच उभा होतो. आईचे गुडघे दुखतात, तिला जिना कोण चढवणार, असं मी म्हणालो होतो. गुडघे खरंच दुखत होते. बोलता बोलता मलाच रडू आलं. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अरे, हा उलट बोलतोय, याला जायचंय." त्यांनी पट्टी उचलली आणि परत ठेवली. "कुणी म्हणालंच नाही. म्हणून आज मी म्हणतो. ही उलट बोलत होती. हिला जायचंय."

मग आत्याने तळहाताने टेबलावरची खडूची रेघ पुसली. "मी तेव्हा बावीस वर्षांची होते," ती हळूच म्हणाली. "मलाही वाटलं होतं, तुला राहायचंय." आणि मग, आवाज ताळ्यावर आणत, "तीन विरुद्ध दोन. लांबची. बैठक संपली. चहा कुणी करणार आहे का?"

"माझ्या सुयांचं काय ते ठरवा आधी," आई म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला द्या की," वहिनी म्हणाली. "मी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते. सुईचं भोक काय चीज आहे?" आणि तिने बाहीखालची ती उशी ओढून घेतली. "आणि उद्या माझ्याबरोबर डोळे तपासायला यायचंय तुम्ही. सबबी ऐकून घेणार नाही." आत्याने कौतुकाने तिच्याकडे बघितलं. घंटा पुढे कुणाच्या हाती द्यायची, हा तिचा प्रश्न बहुधा तिथल्या तिथे सुटला असावा.

टाचणी अजून बसूनच होती. बाबांनी गळ्यातला टेप काढला आणि तिला मानेनेच आरशासमोर बोलावलं. "ये. तिथे थंडी असते. साध्या स्वेटरने भागायचं नाही."

ती उभी राहिली. त्यांनी खांद्यावरून टेप टाकला. दादाने सवयीने पेन्सिल हातात घेतली. "सरळ उभी राहा. हलू नकोस." टाचणी हलत होती, कारण तिला रडू येत होतं आणि ते लपवायचं तिच्या मनात नव्हतं.

"बाबा, तुम्ही कधी ठरवलंत? मी सुयांचं बोलले तेव्हा?"

बाबांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. त्यांनी त्या एकेक करून काढून तळहातावर घेतल्या. "विमानतळावर कुठली बस जाते, माहीत आहे?" असं म्हणून त्यांनी तिला नंबर सांगितला. "आपल्या कोपऱ्यावरच थांबते. मागच्या आठवड्यात बघून ठेवला मी."

दादा मापं लिहीत होता. छाती, पाठ, बाही. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "आत माया किती सोडायची?"

"सगळीकडे सोड," बाबा म्हणाले. "भरपूर."

"कोट जड होईल, बाबा."

"होऊ दे," बाबा म्हणाले आणि वाकून तिच्या बाहीचं माप पुन्हा एकदा घेतलं. "लांब जायचंय तिला."